भाटात (बागायतीत) सापडलेली जुनी नाणी: साफ कशी करू, ओळखू कशी? (एकाला चिंच लावून बसलोय)

डिचोलीचो_पोर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ तारवटी (बोटीवर नोकरीला) आहे, गेल्या खेपेला बोटीवरून येताना एक मेटल डिटेक्टर घेऊन आला. साधाच आहे, स्क्रीनवर आकडा येतो आणि बीप वाजतो तसला. त्याला दोन दिवसांत कंटाळा आला आणि मशीन माझ्या गळ्यात पडलं. पाऊस ओसरल्यावर आमच्याच भाटात फिरवायला घेतलं तर पहिले दोन रविवार नुसते खिळे, कोयत्याचं मोडकं पातं, पत्र्याचे तुकडे आणि फेणीच्या बाटलीची बुचं. वर जमीन सगळी जांभ्याची, त्यामुळे मशीन उगाचच ओरडतं, दर पावलाला बीप बीप, शेजारच्या काकांनी विचारलं की रे पोरा मोबाईलचा टॉवर बसवतोस काय.

तिसऱ्या रविवारी मात्र जुन्या मांगराच्या (भाटातल्या खोपीच्या) मागून तळीकडे जी पायवाट जाते ना, तिच्या कडेला आकडा एकदम वर गेला. वीतभर खणलं तर तांब्याचं नाणं! मग काय, झोपच उडाली. आतापर्यंत अकरा नग मिळालेत, एका जागी नाही, त्या वाटेच्या कडेकडेने विखुरलेले.

आता चूक सांगतो. पहिलं जे मोठं तांब्याचं मिळालं ते घरी आणून चिंच आणि मीठ लावून घासलं, आई देवाची भांडी घासते तसं. झक्क गुलाबी झालं. खूष झालो. पण नंतर बघतो तर आधी मातीतसुद्धा जी अक्षरं थोडी दिसत होती ती आता आणखीच पुसट दिसतात, आणि आठ दिवसांनी त्याच्या खड्ड्याखड्ड्यांत फिकट हिरवी पावडर आली. पुसली, परत आली. बुरशी आली की काय??

बाकीचे दहा नग अजून मातीसकट आईच्या एका स्टीलच्या वाटीत ठेवलेत. मावसभाऊ म्हणतो मोबाईलच्या चार्जरची वायर कापून मिठाच्या पाण्यात करंट सोड, व्हिडिओत दाखवतात तसं, पाच मिनिटांत चकाचक. करू का? आणि ही नाणी कसली असतील ते कसं ओळखायचं? एकावर मधोमध भोक आहे, एक राखाडी आणि मऊ आहे, नखाने ओरखडा उठतो, एक इवलंसं काळं कुळकुळीत आहे. किंमत काही येईल का तेही सांगा, यूट्यूबवर तर लाखांत बोलतात.

---

तांगा_आणे_पै

आधी हातातली चिंच खाली ठेव आणि चार्जर खिशात ठेव. कशालाच हात लावू नको.

करंटचा प्रयोग लोखंडी वस्तूंसाठी करतात आणि तोसुद्धा माहीतगार लोक. तांब्याच्या नाण्यावर जो हिरवा तपकिरी थर असतो ना त्याला लोक मळ समजतात, पण जमिनीत शंभर दीडशे वर्षं पडलेल्या नाण्याचं वरचं तांबं त्या थरातच गेलेलं असतं, म्हणजे अक्षरं आणि मुकुट बिकुट जे काय उरलंय ते त्या थरात उरलंय. तो काढलास की खाली जे मिळतं ती नुसती खडबडीत तांब्याची चकती. तुझ्या गुलाबी नाण्यावर तेच झालं. आता ते परत येणार नाही, सोडून दे, त्याला शिकाऊ नाणं समज. माझ्याकडे पण आहे एक, शाळेत असताना मी भांडी घासायच्या पावडरने घासलेलं, अजून जपून ठेवलंय लाज म्हणून.

बाकी दहांचं असं कर. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आण, पेट्रोल पंपावर नाहीतर गॅरेजमध्ये मिळतं (पाणी म्हणतोय हां, ॲसिड नव्हे, एकाने माझ्या सांगण्यावरून तेही आणलं होतं). प्रत्येक नाणं वेगळ्या काचेच्या बाटलीत, तांबं चांदी एकत्र ठेवू नको. रोज पाणी बदल. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. तीन चार दिवसांत माती आपोआप सैल होते, मग करवंदीचा नाहीतर लिंबाच्या झाडाचा काटा घे आणि भिंगाखाली ओलं असतानाच हळूहळू उकर. सुई नको, सुई ओरखडते, काटा तांब्यापेक्षा मऊ असतो. एका नाण्याला दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील.

आणि ओळखायचं म्हणशील तर नुसतं "मोठं तांब्याचं" म्हणून कोण काय सांगणार? वजन पाहिजे, व्यास पाहिजे, जाडी पाहिजे. पाचशे रुपयांच्या आत छोटा डिजिटल काटा मिळतो, नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे जा. कड गुळगुळीत आहे की रेघांची ते बघ. आणि फोटो काढताना फ्लॅश नको, खोलीत काळोख करून टॉर्च एका बाजूने आडवा धर, सावल्या पडल्या की पुसलेली अक्षरं पण वर येतात.

---

मोरजीचो_वारो

हा हा बियरची बुचं राहिली तुमच्या लिस्टमध्ये 😄 मी दोन वर्षं किनाऱ्यावर फिरवलं, माझ्याकडे बुचांचा एवढा संग्रह आहे की म्युझियम काढीन. ओल्या खाऱ्या वाळूत साधं मशीन वेडं होतं, काळी रेती असेल तर आणखीच. तुझ्या जांभ्याचं पण तसंच, त्यात लोखंड भरलेलं असतं. मशीनवर ग्राउंड बॅलन्स असेल बघ, जिथे काही नाही अशा जागी कॉइल वर खाली करून तो लावून घे आणि सेन्सिटिव्हिटी कमी कर. लोकं फुल ठेवतात आणि मग शिव्या देतात मशीनला.

एक सांगून ठेवतो, हे वाचून उद्या कोणी मशीन घेऊन मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबागला खणायला जाऊ नका, तिथे कासवं अंडी घालतात. मला एकदा वनखात्याच्या माणसाने पिटाळलं, त्याचंच बरोबर होतं.

---

प्रयोगशाळा_मडगाव

मी हायर सेकंडरीला केमिस्ट्री शिकवते, नाण्यांतलं फारसं कळत नाही पण ती हिरवी पावडर बुरशी नव्हे एवढं नक्की सांगते.

तांब्याला मीठ लागलं, म्हणजे क्लोराइड, की आत क्युप्रस क्लोराइड तयार होतं. ते तसंच कोरडं असेल तर गप्प बसतं. पण हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची फिकट हिरवी पावडर होते आणि त्याबरोबर थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं, ते ॲसिड पुढचं तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड, परत पावडर, असं चक्र सुरूच राहतं. याला ब्राँझ डिसीझ म्हणतात. नाव रोगाचं असलं तरी जंतू वगैरे काही नसतात, पण एकाच बाटलीत ठेवलेल्या दुसऱ्या तांब्याच्या नाण्यालाही क्लोराइड लागू शकतं म्हणून वेगळं ठेवणं बरं. तुम्ही चिंचेबरोबर मीठ लावलंत, म्हणजे वरचा संरक्षक थर चिंचेने काढला आणि खाली मीठ चोळलंत. आणि राहता गोव्यात, पावसात इथे हवेत ऐंशी नव्वद टक्के दमटपणा. आणखी काय व्हायचं?

चांगला हिरवा थर आणि हा रोग यातला फरक सोपा आहे. चांगला थर कडक असतो, गडद हिरवा किंवा चॉकलेटी, काट्याने टोचलं तर निघत नाही. रोगाची पावडर फिकट, पोपटीच्या जवळची, टोचली की भुसभुशीत होऊन पडते आणि खाली खड्डा दिसतो. शंका असेल तर घट्ट झाकणाच्या डबीत ओल्या कापसाच्या शेजारी (कापूस नाण्याला टेकवू नका) दोन दिवस ठेवून बघा, नवे ठिपके फुलले तर रोग चालू आहे.

उपाय म्हणजे क्लोराइड बाहेर काढणं. डिस्टिल्ड पाण्यात भिजवणं हाच पहिला उपाय, आणि घरी पाण्याचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर तो वापरा, फिल्टरवाले देतात तो. ताज्या डिस्टिल्ड पाण्यात शून्य ते दोन तीन येतं. नाणं चोवीस तास ठेवून परत मोजा, आकडा वाढला म्हणजे क्षार सुटतायत. रोज पाणी बदलून आकडा वाढायचा थांबेपर्यंत चालू ठेवा, आठवडे लागतील.

पावडर तरीही येत असेल तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात साधारण २८ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि २२ ग्रॅम खाण्याचा सोडा, हे झालं पाच टक्के सेस्किकार्बोनेट. त्यात तांब्याचं नाणं ठेवायचं, आठवड्याला द्रावण बदलायचं. पाणी निळसर झालं तर घाबरू नका पण नाण्याचा रंग थोडा बदलू शकतो. राखाडी मऊ नाण्याला हे अजिबात लावू नका, ते कथील किंवा शिसं असेल, सोडा त्याला खातो. संग्रहालयात पुढे बेन्झोट्रायझोल लावतात पण ते विषारी आहे, स्वयंपाकघरात करायचा प्रकार नव्हे.

शेवटी वाळवणं. उन्हात टाकून भागत नाही, आधी शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं बुडवा म्हणजे आतलं पाणी निघून येतं (नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि रंग असतो, आणि जवळ गॅस पेटवू नका!). मग हेअर ड्रायर, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. डबीत सिलिका जेल. दमटपणा ४० टक्क्यांच्या खाली राहिला तर हा रोग झोपून राहतो.

आणि हो, मऊ राखाडी नाण्यात शिसं असू शकतं. ती आईची वाटी आता स्वयंपाकघरात परत जाऊ देऊ नका.

---

डिचोलीचो_पोर

बापरे. वाटीचं आईला अजून सांगितलं नाही.

सगळ्यांचे आभार. सोनाराकडे जाऊन वजनं करून आणली, तो हसला पण पैसे नाही घेतले. जेवढी कळली तेवढी लिहितो.

गुलाबी झालेलं: ६.१ ग्रॅम, साडेपंचवीस मिमी, एका बाजूला मुकुट आणि रोमन अक्षरांत "तांगा" एवढं स्पष्ट. दुसरीकडे डोकं. सालाचे पहिले तीन आकडे १८८ आणि चौथा चिंचेने खाल्ला.
भोकाचं: २ ग्रॅमला थोडं कमी.
राखाडी मऊ: ३ ग्रॅमच्या आसपास, गोल म्हणावं असं पण नाही, एका बाजूला गाडीच्या चाकासारखं काहीतरी, आरे मोजता येतात.
जाडजूड ओबडधोबड तांब्याचं: ८.९ ग्रॅम, एका बाजूला मध्ये दोन आडव्या रेघा, त्यांच्या वर खाली देवनागरी वाटतं.
एक पांढरं निकेलसारखं, १९५२ स्वच्छ दिसतं.
एक तांबूस, १९५८, ३० असा आकडा.
काळं इवलंसं: १.४ ग्रॅम, पंधरा मिमी, अजून पाण्यात आहे.
एक तर बटण निघालं, मागे कडी आहे 😔 बाकी तीन अगदीच गुळगुळीत.

---

तांगा_आणे_पै

वा! तुझ्या पायवाटेवरून अडीचशे तीनशे वर्षं बाजारहाट गेलाय रे.

चिंचवालं म्हणजे क्वार्तो दे तांगा, पाव तांगा, पोर्तुगालचा राजा पहिला लुईस. १८७८ साली पोर्तुगीज आणि इंग्रजांचा करार झाला, त्यानंतर इथल्या नाण्यांची वजनं ब्रिटिश इंडियाच्या नाण्यांना जुळवून घेतली आणि १८८१ पासूनची ही नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडून आली. म्हणून तुझं नाणं हुबेहूब ब्रिटिश पाव आण्याच्या मापाचं आहे, त्याचं ठरलेलं वजन साडेसहा ग्रॅमच्या जवळ. मूळ साडेसहा आणि तुझं ६.१, थोडं जमिनीने खाल्लं, थोडं तू. सोळा तांगा म्हणजे एक रुपिया, एक तांगा म्हणजे साठ रैस. आधी गोव्याचा रुपिया सहाशे रैसचा होता, या करारानंतर नऊशे साठचा झाला.

आता हे लक्षात ठेव सगळ्यांनीच. तांब्याचं पंचवीस सव्वीस मिमीचं, साडेसहा ग्रॅमचं पुसट नाणं मिळालं तर ते पाव तांगा असेल किंवा पाव आणा. गोव्यात दोन्ही चालायची. "ईस्ट इंडिया कंपनी" आणि १८३५ दिसलं तर कंपनीचं. राणी व्हिक्टोरियाचं असेल तर १८७६ पर्यंत "क्वीन" आणि १८७७ पासून "एम्प्रेस", म्हणजे साल पुसलं तरी एक शब्द वाचता आला की काळ ठरतो.

भोकाचं सोपं, भोकाचा पैसा, १९४३ ते ४७ मधला ब्रिटिश इंडियाचा. महायुद्धात धातू वाचवायला भोक पाडलं. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका दोऱ्यात ओवून ठेवायच्या.

दोन रेघांचं जाडजूड म्हणजे दुदांडी शिवराई! मूळ शिवराईवर एकीकडे "श्री राजा शिव" तीन ओळींत आणि दुसरीकडे "छत्र पति" दोन ओळींत असतं. पुढे पेशवाईत मध्ये दोन दांड्या घातलेली पाडायला लागले ती दुदांडी. हातोड्याने ठोकून पाडलेली, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर कधीच मावत नाहीत, साचा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. डिचोली, सत्तरी, पेडणे १७८० च्या दशकापर्यंत सावंतवाडीकरांकडे होतं, आणि नंतरसुद्धा घाटावरून माल यायचा तो काय पोर्तुगीज नाण्यांनी थोडाच यायचा. शिवराई लोकांनी इंग्रजी अमलातसुद्धा कितीतरी वर्षं वापरली.

पण मला विचारशील तर यातलं सगळ्यात भारी तुझं राखाडी. चाकाचं चिन्ह म्हणजे सांता कातारीनाचं चाक. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने गोवा घेतला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, संत कॅथरीनचा सण, म्हणून ते चाक गोव्याच्या नाण्यांवर आणि पुढे पोर्तुगीज इंडियाच्या चिन्हावर सुद्धा आलं. हे बझारुक असावं. सगळ्यात हलकं चलन, भाजी मासळी घेण्याचं, कधी तांब्याचं, कधी कथलाचं, कधी शिशाचं. पोर्तुगीज कागदांत कथलाला कालाईं म्हणतात, आपली कल्हई आठवते ना, एकाच घरातले शब्द. या नाण्याला मॅडमनी सांगितलं तसं काही म्हणजे काही लावू नको. दोन दिवस पाणी, मऊ कुंचला, संपलं. ओरखडा काढून बघायची सवय असेल तर तीही सोड.

---

बार्देसकार_काका

३० आकडा वाचून हसू आलं. १९५८ ला पोर्तुगालने इथलं रुपियाचं चलन बंद करून एस्कुदो आणलं, एक रुपियाचे सहा एस्कुदो, आणि सेंताव्ह म्हणजे एस्कुदोचा शंभरावा भाग. त्यामुळेच तीन एस्कुदो, सहा एस्कुदो, साठ सेंताव्ह, तीस सेंताव्ह अशी विचित्र आकड्यांची नाणी निघाली, सहा म्हणजे जुना रुपिया, तीन म्हणजे अर्धा, साठ सेंताव्ह म्हणजे दहावा हिस्सा. दहा आणि तीस सेंताव्ह ब्राँझची, वरची पांढरी निकेलमिश्रित. मी तेव्हा लहान, आमचा दुकानदार सरळ जुन्या हिशेबानेच बोलायचा आणि गिऱ्हाईकाने सहाने गुणायचं. तीन वर्षांत मुक्ती झाली आणि तेही गेलं. त्यामुळे तीस सेंताव्ह मिळालं तर फार तर पासष्ट सत्तर वर्षांचं आहे, पुरातन वगैरे काही नाही. पण मला विचाराल तर मला तेच बघायला आवडेल.

पणजीला जुन्या पोस्टापाशी काझा द मोएदाची इमारत आहे, जुन्या टांकसाळीची, १८३४ च्या सुमारास टांकसाळ तिथे आली. येता जाता बघा कधी.

आणि बायकांच्या गळ्यातली पुतळीमाळ माहिती असेल, त्यातली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, त्यावर गुडघे टेकलेला डोज (व्हेनिसचा शासक) आणि संत मार्क, आपल्या सोनारांनी नक्कल करत करत त्यांच्या बाहुल्या केल्या. तसलं काही पिवळं सापडलं तर मात्र इथे फोटो टाकू नको बाबा.

---

नियमाने_चला

माफ करा, सगळे आनंदात आहेत आणि मी मिठाचा खडा टाकतोय, पण कोणीच हे बोललं नाही. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, म्हणजे जमिनीत सापडलेल्या खजिन्याचा कायदा, अजून आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे आणि कधी, हे कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालक कोणी पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमिनीच्या मालकाला. सरकारने ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देतात. काकांनी "फोटो टाकू नको" म्हटलं ते गमतीत असेल तर ठीक, पण वाचणारे पोरं खरं धरतात.

शिवाय शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तू होते, विकायचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि मावसभाऊ बोटीवर परत जाताना बॅगेत घालून नेईल तर तो सरळ गुन्हा आहे. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर बांधकाम आणि खोदकाम बंद, म्हणजे जुने गोवें, किल्ले, देवळांचे अवशेष तिथे मशीन काढूच नका.

---

मोरजीचो_वारो

अरे पण पायवाटेवर कोणाच्या कनवटीतून पडलेलं भोकाचं नाणं "खजिना" कसा काय? कलेक्टर हसेल.

---

नियमाने_चला

हसू दे की. एक पानाचा अर्ज आहे, पोचपावती घ्यायची आणि निवांत राहायचं. एकेकटं पडलेलं नाणं वेगळं आणि नाण्यांनी भरलेला गडवा वेगळा हे मलाही कळतं. पण उद्या त्याच मांगराच्या भिंतीखाली मातीचं गाडगं लागलं तर तिथेच थांबायचं, एकही नाणं उचलायचं नाही. कुठल्या नाण्याशेजारी कुठलं नाणं होतं यावरून पुरातत्त्ववाले काळ ठरवतात, आपण ओंजळीने काढून बादलीत टाकली की ती माहिती संपली.

---

तांगा_आणे_पै

शेवटच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. मी स्वतः नाणी गोळा करतो पण कुठली कुठे सापडली हे वहीत न लिहिता गोळा केलेल्या पहिल्या पंधरा वर्षांची मला आज काडीची किंमत वाटत नाही. गोव्याच्या कदंब राजांचं सोन्याचं नाणं, सिंहाचं चित्र आणि मागे "श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद" असं लिहिलेलं, ते नार्वेच्या आसपास शेतात सापडलं तर इतिहास, आणि दुकानातून मिळालं तर नुसतं सोनं. तू डिचोलीचाच आहेस म्हणून नार्वेचं उदाहरण दिलं.

पोरा, त्या पायवाटेचा कागदावर नकाशा काढ, एखाद्या झाडापासून किती पावलं, किती खोल, प्रत्येक नग. आत्ताच, आठवणीत आहे तोवर.

किमतीचं राहिलं. पाव तांगा, भोकाचा पैसा, ५२ चं, ५८ चं हे सगळं सामान्य, घासलेल्याला तर कोणी चहा पण पाजणार नाही. लाखाचे व्हिडिओ दाखवणारे आधी "रजिस्ट्रेशन फी" मागतात, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की आमच्या नावाने जुनी नाणी घ्यायला कोणालाही नेमलेलं नाही. आणि कोणी राम दरबार छापलेलं १८१८ चं कंपनीचं नाणं दाखवून ते तांदूळ खेचतं म्हणाला तर पळून जा. तसलं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही.

---

डिचोलीचो_पोर

दहा दिवसांनी परत आलो.

नकाशा काढला. अर्ज पण दिला, आतेकाकांनी लिहून दिला, ऑफिसातल्या माणसाने दोनदा वाचला आणि "बटण पण लिहिलंय काय रे" विचारलं. पोचपावती आहे.

मॅडम, टीडीएसचं जबरदस्त काम करतं! चिंचवाल्याच्या बाटलीत पहिल्या दिवशी ६४ आला, मग ४१, मग २२, आता ६ वर आहे. शिवराईचा पहिल्यापासूनच कमी होता, तिला पावडर पण नाही, गडद हिरवी आणि गुळगुळीत आहे, करवंदीच्या काट्याने फक्त "पति" मधला प मोकळा केला आणि हात आखडता घेतला. राखाडी दोन दिवसांत बाहेर काढलं, चाकाचे आठ आरे दिसतात.

आणि ते काळं इवलंसं. पाचव्या दिवशी एका कडेची माती आपणच सुटली, टॉर्च आडवा धरला तर मुकुट, आणि त्याच्या खाली रोमन लिपीतल्या "रुपिया" मधली शेवटची चार अक्षरं. सिल्वर आहे वाटतं?

---

तांगा_आणे_पै

१.४ ग्रॅम, पंधरा मिमी आणि रुपिया म्हणजे ओइतावो दे रुपिया, रुपियाचा आठवा हिस्सा, दोन तांगा. चांदी. तो काळा रंग चांदीचा आहे, तो राहू दे! ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा प्रयोग कोणी सांगेल, त्याने काळं जातं खरं पण नाणं मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखं पांढरं दिसतं. पाणी, ॲसिटोन, बस. प्लास्टिकच्या पीव्हीसी पाकिटात घालू नको, इथल्या दमट हवेत त्यातून चिकट हिरवं सुटतं. साल दिसलं की आधी मला सांग, १८८१ असणार.

---

डिचोलीचो_पोर

१८८१ च आहे! आत्ताच बघितलं, उरलेली माती पण निघाली.

आईला वाटीचं सांगितलं शेवटी. तिने नवीन दोन आणायला लावल्या, एक त्या वाटीच्या बदल्यात आणि एक "पुढच्या रविवारसाठी".